एक पान चालू असताना

गेल्या महिन्यात मला बुलढाण्याला भाषणाला बोलावलं होतं. विषय भारदस्त: सेवा घेणाऱ्या दिव्यांग व्यक्तींचे हक्क. माझी जीभ जन्मापासून जड आहे, एक वाक्य संपवायला मला वेळ लागतो आणि तेवढ्यात समोरचा माणूस स्वतःचंच वाक्य जोडून मोकळा होतो. पण त्या दिवशी माइक माझ्याकडे होता, त्यामुळे कुणाचा इलाज चालला नाही. टाळ्या झाल्या. मला पुष्पगुच्छ दिला, तो मला धरता येत नाही म्हणून मांडीवर ठेवला आणि फोटो काढला. मग जेवण. पहिल्या रांगेत बसून सगळ्यात जोरात टाळ्या वाजवणाऱ्या बाई पुरणपोळीचा तुपात बुडवलेला घास घेऊन माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आ करा ताई." घ्या! तासभर मी काय गाढवापुढे गीता वाचली होती? मी तोंड मिटून घेतलं. त्या बाई शेजारणीला हळूच म्हणाल्या, "गोड चालत नसेल. शुगर असेल त्यांना." मला इतकं हसू आलं की तोंड मिटलेलं ठेवणं अवघड झालं. कारण हेच सगळं माझ्या बाबतीत चिखलीला एकदा होऊन गेलं होतं. तोंड मिटायला मी तिथेच शिकले.

त्याआधी पिंपळगाव राजाचं घर. दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणात मायच्या कोंबड्या. बाबा खामगावला जिनिंगवर कामाला, सकाळच्या गाडीने जायचे ते अंगावर कापसाचे पुंजके घेऊन संध्याकाळी यायचे. माझे दोन्ही पाय आखडलेले, उजवा हात छातीशी दुमडलेला, आणि डावा हात आपल्या मर्जीने चालणारा. त्याला तोंडाकडे पाठवलं तर तो आधी कानाची चौकशी करून यायचा. तरी मी जेवायची त्याच हाताने. माय ज्वारीची भाकर वरणात चांगली कुस्करायची, उंच काठाच्या परातीत घालायची, परातीखाली ओलं फडकं अंथरायची म्हणजे परात सरकत नाही, माझ्या गळ्याला जुनं लुगडं बांधायची आणि आपल्या कामाला निघून जायची. बघत बसायची नाही. हे मला आज फार मोठं वाटतं, तेव्हा वाटलं नव्हतं. मी आणि माझा हात आमचं आम्ही बघून घ्यायचो. काही तोंडात जायचं, काही गालावर, काही खाली. खाली सांडलेल्यावर कोंबड्यांचा हक्क. माझं जेवण सुरू झालं की त्या शेजाऱ्यांकडच्यासुद्धा गोळा व्हायच्या. कुणी पाहुणी म्हणाली, "अवं, पोरगी डाव्या हातानं जेवते," तर माय चुलीपुढून न उठता सांगायची, "ज्या हातानं पोट भरते तो उजवा." विषय संपला.

दहावी झाली आणि बाबांनी मला चिखलीच्या संस्थेत घातलं. आमच्यासारख्या मुलींचं वसतिगृह होतं ते, तिथून कॉलेजला सायकलरिक्षाने नेण्या-आणण्याची सोय होती. बाबांची एकच जिद्द, पोरीनं शिकावं. संस्था वाईट होती असं मी कधीच म्हणणार नाही, आणि माझा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. वाईट असती तर भांडले असते. फरशी चकचकीत, पाणी गरम, वसतिगृह चालवणाऱ्या मॅडम स्वतः रात्री प्रत्येकीच्या अंगावर पांघरूण आहे की नाही बघायच्या. आणि शेवंतामावशी. आम्हाला उठवणं, आंघोळ, वेणी, जेवण सगळं तिच्याकडे. मला उचलताना ती "आली वं माही परी" म्हणायची, आणि ती मला वीस किलोची पोरगी असल्यासारखं उचलायची तेव्हा खरंच परी असल्यासारखं वाटायचं. पण जेवायला ज्या मुलींना मदत लागते अशा आम्ही पाच-सहा जणी. मावशी एकटी. ती आम्हाला ओळीने भिंतीशी बसवायची आणि एक मोठा चमचा घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. हिच्या तोंडात घास, तिच्या तोंडात घास, परत फिरून पहिली. माझी पाळी यायच्या आत गिळलं पाहिजे, नाहीतर दुसरा घास पहिल्याच्या डोक्यावर. पहिल्या दिवशी मी डावा हात पुढे केला तर तिने तो प्रेमाने खाली दाबला. "राहू दे बाई, सांडशील. मी हावो ना." सांडलेलं टिपायला तिथे कोंबड्या नव्हत्या. फरशी होती, आणि फरशी पुसायला परत मावशीच होती. मला तिची कीव आली आणि मी तोंड उघडलं.

तोंड उघडायला काही लागत नाही. आमची भाजी तिखट का, वरणात मीठ कमी का, हेसुद्धा पुढे कळेनासं झालं, कारण चव लागायच्या आधी घास पोटात असायचा. माझ्या शेजारी चंदा बसायची. तिला दिसत नव्हतं, पण हात धडधाकट, त्यामुळे ती स्वतःचं स्वतः जेवायची आणि वर मला माहिती पुरवायची. "आज वांगं हाय बे. तुले समजलं काय?" मी म्हणायची, नाही. ती म्हणायची, "तुही मज्जा हाय, लय फास्ट जेवते तू." मी हसायची. पोट भरत होतं, वजन वाढत होतं, मॅडम खूश होत्या. मग मला रडू कशाचं येतं ते मात्र समजायचं नाही.

दिवाळीला घरी गेले. मायने तशीच परात मांडली, तसंच फडकं, तसंच लुगडं. कोंबड्या हजर. मी हात उचलला आणि तो वाटेतच थांबला. परत उचलला. थरथर कापत खांद्यापर्यंत आला आणि घास सगळा मांडीवर. तिसऱ्यांदा तर बोटांनी भाकर धरलीच नाही. माय त्या दिवशी पहिल्यांदा काम सोडून माझ्यासमोर येऊन बसली. तिने माझा हात आपल्या हातात घेतला, बोटं एकेक करून उघडली, मिटली. "हात इसरला काय वं तुहा?" असं म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी घाबरले. पाय गेलेले होतेच, उजवा हात जन्मात कधी कामाला आला नव्हता, जो एक होता तोही चालला होता, आणि तोही कशाने, तर माझी चांगली काळजी घेतल्याने! सुट्टीभर मायने मला भरवलं नाही. भूक लागली की परात समोर. शेवटच्या दिवशी माझा हात निम्म्या वेळा तोंडापर्यंत पोचू लागला होता आणि कोंबड्या चांगल्या गुबगुबीत झाल्या होत्या.

परत आल्यावर मॅडमना सांगितलं. म्हणजे सांगायला सुरुवात केली. "मॅडम, मला जेवताना..." एवढं झालं आणि त्या म्हणाल्या, "कमी पडतं का गं? मावशी, हिला एक पोळी जास्त." दुसऱ्यांदा सगळं वाक्य पूर्ण केलं. त्या समजुतीने म्हणाल्या, "सुजाता, बरोबर आहे तुझं. पण एकीला तास लागला तर बाकीच्यांनी काय करायचं? मावशींनी किती करायचं?" त्यांचंही बरोबर आणि माझंही बरोबर, मग चुकतंय कुणाचं? मी त्या वयात हे कोडं उशाला घेऊन झोपायची. चांगल्या माणसांशी भांडायचं कसं, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

आमच्याकडे अन्नदानाचे पाहुणे यायचे. कुणाचा वाढदिवस, कुणाची पुण्यतिथी, की गावातलं एखादं कुटुंब आम्हा सगळ्यांना जेवण द्यायचं. आम्ही आधी प्रार्थना म्हणायची, मग पाहुण्यांनी आपल्या हाताने पहिला घास भरवायचा. ज्यांचे हात चालत होते त्यांनासुद्धा. चंदाच्या तोंडात एकदा कुणी अख्खा पेढा घातला आणि तिला ठसका लागला, तर त्या बाई म्हणाल्या, "आनंदाने गहिवरली." असाच एका आडत्याच्या नातवाचा वाढदिवस होता. त्याची आजी गुलाबजाम घेऊन माझ्यासमोर वाकली, आणि मी काही ठरवलेलं नसताना माझं तोंड मिटलं. दात दातांवर. पाक माझ्या हनुवटीवरून गळ्यात उतरला. "आ कर बाळा, आ." मी नाही केला. सगळे बघू लागले. आजींचा चेहरा पडला, त्यांना वाटलं आपल्या हातचं चालत नाही की काय. त्या विचारतात, "उपास आहे का हिचा?" आणि मॅडम, बिचाऱ्या, पाहुण्यांचा मान राखायला चटकन बोलून गेल्या, "हो हो. गुरुवार असतो ना तिचा. फार कडक पाळते."

झालं. त्या आजींनी मला नमस्कार केला. एवढ्या यातनांत पोरगी गुरुवार करते म्हणून त्यांचे डोळे भरून आले आणि पुढच्या गुरुवारी त्यांनी घरून माझ्यासाठी खास साबुदाण्याची उसळ पाठवली. मावशीने ती मला चमच्याने भरवली. त्याच्या पुढच्या गुरुवारी पुन्हा. मॅडमनी एकदा बोललेलं खोटं कसं मोडायचं? मी दर गुरुवारी उपाशी, म्हणजे साबुदाणा खाऊन उपाशी, आणि चंदा जळून खाक. "मले बी एखादा देव सांग बे," म्हणायची. "ह्या दुधीच्या भाजीपासून तरी सुटका होईन." मी सांगायचा प्रयत्न केला की मी बौद्ध आहे, आमच्यात गुरुवार नसतो, पण एवढं वाक्य संपेपर्यंत कोण थांबतं! "हो गं, सगळे देव एकच," असं मावशी म्हणाली आणि चमचा आत.

अशाच एका गुरुवारी जिनिंग बंद होती म्हणून बाबा भेटायला आले. फडक्यात मायची भाकर आणि ठेचा. मावशीने दारातच सांगितलं, "भाऊ, आज भाकर नाही चालत तिले. गुरुवार हाय तिचा." बाबांनी फडकं तसंच हातात धरलं. घरात एका भिंतीवर बाबासाहेब, दुसऱ्या भिंतीवर बुद्ध, आणि पोरगी चिखलीला येऊन गुरुवार धरते! कडुनिंबाखाली माझी चाकाची खुर्ची नेऊन ते समोर उकिडवे बसले. "उपास धरला तू?" "नाही." "मंग?" "तोंड बंद केलं होतं." "काऊन?" मी सगळं सांगितलं, दिवाळीपासून. माझी वाक्यं पूर्ण होईपर्यंत थांबणारी दोनच माणसं होती, त्यांतले एक ते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "हक्क हाय तुहा. बोलाचं. भ्याचं नाही." मला धीर आला. मग बराच वेळ त्यांनी फडक्याची गाठ सोडली, बांधली. आणि म्हणाले, "पण मॅडमले नको बोलू. त्यायनं उद्या घेऊन जा म्हटलं, तं मी कुठं ठेवू तुले? शिक्षण अर्धवट राहीन." मी म्हटलं, "मग बोलायचं की नाही?" ते म्हणाले, "तेच तं समजून नाही राह्यलं." माझे बाबा, ज्यांना सगळं समजायचं, ते असं म्हणाले. मग इकडेतिकडे बघून त्यांनी भाकरीवर ठेचा लावला आणि फडकं माझ्या मांडीवर ठेवलं. मी डाव्या हाताने खाल्लं, झाडाखाली, चोरासारखं. निम्मं मुंग्यांना गेलं. बाबा पाठ करून बसले होते, कुणी येतं का बघायला.

आज माझ्याकडे मदतीला रेखा येते, देऊळगाव राजाच्या माझ्या घरी, सकाळ-संध्याकाळ. ताट वाढलं की ती विचारते, "ताई, आज कसं?" कधी मी म्हणते, माझं मी. खांदा दुखत असला तर म्हणते, भरव बाई. आता वय झालं, पुष्कळदा भरवच म्हणते आणि आ करून बसते, आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. मग तेव्हा मी कशासाठी एवढा जीव काढला होता, असं रेखा विचारते. मी तिला म्हणते, तू रोज विचारतेस ना, त्यासाठी. तिला ते पटत नाही. मलाही ते एवढं सरळ वाटत नाही.

तर चिखलीतल्या मालतीकाकू. कोर्टातल्या एका निवृत्त कारकुनाच्या बायको, नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला आमच्याकडे जेवण घेऊन आल्या. बरोबर त्यांचा मुलगा. काकू सोवळ्याओवळ्यातल्या, करड्या, हसू म्हणून नाही. त्यांनी संस्थेची ताटं नाकारली आणि पळसाच्या पत्रावळ्या मांडल्या. वरण-भात, वडे, कढी, खीर, सगळं स्वतः वाढलं. मग ओळीने पहिला घास भरवत माझ्यापर्यंत आल्या. तो गुरुवार नव्हता, त्यामुळे मॅडमकडे काही उरलं नव्हतं. मी तोंड मिटलं. मग मला वाटलं, मिटलेल्या तोंडाचा अर्थ ही माणसं आपापल्या सोयीने लावतात. म्हणून उघडलं आणि म्हटलं, "मी माझ्या हाताने जेवते." पूर्ण वाक्य. काकू ते संपेपर्यंत थांबल्या. मॅडम मागून म्हणाल्या, "अगं, श्राद्धाचं जेवण आहे. आणि तो डावा हात..." काकूंनी विचारलं, "उजवा?" मी म्हटलं, "चालत नाही." काकूंनी माझ्या दोन्ही हातांकडे पाहिलं. त्यांना ते आवडलं नव्हतं, चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. घास त्यांनी माझ्या पत्रावळीवर परत ठेवला आणि म्हणाल्या, "मग जेव."

शेवंतामावशी कधी उठली आणि स्वयंपाकघरातून परात घेऊन आली, मला कळलं नाही. तिने माझी पत्रावळ उचलून परातीत ठेवली, खाली ओलं फडकं घातलं. मायची परात मी तिला कधीतरी सांगितली होती, तिने ऐकली असेल असं वाटलं नव्हतं. मी सुरुवात केली. भात गालावर, कढी कोपरापर्यंत. सगळ्या मुलींची जेवणं झाली, माझा दुसरा वडा अजून आख्खा. मुली उठायला लागल्या तशी काकूंचा आवाज आला, "बसा. एक पान चालू असताना पंगत उठत नाही." मॅडम म्हणाल्या, "काकू, तिला तासभर लागेल. ती नेहमी अशी..." काकू म्हणाल्या, "लागू दे. ह्यांच्या नावाची पंगत आहे. मध्येच मोडली तर त्यांना पोचायची नाही." आणि माझ्यासमोर पाट ओढून बसल्या. मुलगा घड्याळाकडे बघू लागला. मुलींचे हात वाळले. कुणी जांभई देत होती, कुणी मला डोळ्यांनी खात होती. एवढ्या नजरा! मला वाटलं, नको, भरवा बाई एकदाचं, संपवा. तेवढ्यात चंदा शेजारून पुटपुटली, "जेव बे आरामात. मले तं काही दिसतच नाही." मी खीर सांडेपर्यंत हसले आणि मग जेवले. खीर शेवटी, बोटं चाटून. त्या खिरीत जायफळ होतं, मला कळलं. किती महिन्यांनी मला कशात काय आहे ते कळलं होतं.

काकूंनी तांब्या घेतला आणि विचारलं, "हात धुऊन देऊ?" मी मान डोलावली. त्यांनी तो डावा हात धुतला, आपल्या पदराला पुसला आणि निघून गेल्या. पुन्हा कधी आल्या नाहीत. त्या माझ्यासाठी थांबल्या की नवऱ्यासाठी, मला आजवर उलगडलेलं नाही. नवऱ्यासाठीच असणार. मग मला एवढं भरून का आलं होतं, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तोडगा काढला. मला पंगतीच्या आधी तासभर स्वयंपाकघराच्या ओसरीवर परात देऊन बसवायचं. हात माझा, वेळ माझा, कुणाला त्रास नाही. त्या खरोखर माझ्यासाठी खूश होत्या. "आता झालं ना मनासारखं?" मी हो म्हटलं. आणि ओसरीवर एकटी बसले. समोर भिंत. हात चांगला चालत होता, भाजी मेथीची होती, चव कळत होती, आणि हातातला घास मी परत परातीत ठेवला. जे मागितलं ते मिळालं होतं की काढून घेतलं होतं? कुणाला विचारणार! बाबा असते तर म्हणाले असते, समजून नाही राह्यलं.

मग भिंतीवरून हात घासत येण्याचा आवाज आला. चंदा. एका हातात रिकामं ताट. मावशीला म्हणाली, "वाढ मले." मावशी म्हणाली, "अवं, पंगतीले टाइम हाय अजून." चंदा माझ्या शेजारी चाचपडत खाली बसली, तिचा गुडघा माझ्या खुर्चीच्या चाकाला लागला. "एक पान चालू असताना पंगत उठत नाही म्हणे," ती म्हणाली, "मंग एका पानानं सुरू कशी होते?" मावशीने तिला वाढलं. चंदाने ताट चाचपलं आणि मला विचारलं, "कुठलोक आली तू?"

मी म्हटलं, "अर्ध्यावर."

"बरं," ती म्हणाली. "मंग मी हळू जेवतो."